लेझरने उपग्रहाचं अंतर मोजताना : ग्राट्सच्या टेकडीवरची रात्रपाळी

ग्राट्स हे ऑस्ट्रियाच्या दक्षिणेकडचं शहर, मूर नदीच्या खोऱ्यात वसलेलं. त्याच्या पूर्वेच्या कडेला लुस्टब्यूएल नावाची टेकडी आहे, उंची जेमतेम पाचशे मीटर. या टेकडीवरच्या वेधशाळेत ऑस्ट्रियन विज्ञान अकादमीच्या अवकाश संशोधन संस्थेचं लेझर स्टेशन आहे. आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा क्रमांक ७८३९. इथून उपग्रहांवर हिरव्या लेझरच्या पल्स, म्हणजे प्रकाशाचे अगदी छोटे झटके, सोडतात, उपग्रहावरच्या आरशांवरून परत आलेला प्रकाश पकडतात आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. कल्पना एवढीच आहे. पण ते अंतर मिलीमीटरच्या घरात बरोबर यावं म्हणून एका पाळीत काय काय करावं लागतं आणि कुठे कुठे गाडी अडते, ते इथे सांगतो.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटीमीटर जातो. आपण जाऊन-येऊन वेळ मोजतो, म्हणून एका नॅनोसेकंदाची चूक अंतरात १५ सेंटीमीटर होते. एक मिलीमीटर हवा असेल तर वेळ ६.७ पिकोसेकंदांपर्यंत बरोबर लागते; पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. ३१ ऑक्टोबर १९६४ ला नासाच्या गोडार्ड केंद्राने एक्सप्लोरर-२२ या उपग्रहावरून पहिल्यांदा लेझरचा परतावा मिळवला, तेव्हा चूक काही मीटरांची होती. तेव्हापासून लेझर खूप सुधारले. तरी आमचं मत असं, की मीटरावरून मिलीमीटरवर येण्यात लेझरइतकाच वाटा कॅलिब्रेशनचा (यंत्रणेचा स्वतःचा उशीर मोजून वजा करण्याचा), हवेच्या दाबाच्या नोंदीचा आणि नको ते मोजमाप टाकून देण्याच्या शिस्तीचा आहे. या तीन गोष्टींकडे बघायला येणाऱ्यांचं लक्ष कधीच जात नाही. सगळे हिरव्या झोताचा फोटो काढतात.

यंत्रणा थोडक्यात अशी. लेझर ५३२ नॅनोमीटरचा, म्हणजे हिरवा. एका पल्समध्ये ४०० मायक्रोज्यूल ऊर्जा, पल्सची लांबी १० पिकोसेकंद आणि सेकंदाला २००० पल्स. १० पिकोसेकंद म्हणजे हवेतून धावणारा जेमतेम ३ मिलीमीटर जाडीचा प्रकाशाचा थर. ऑक्टोबर २००३ मध्ये ग्राट्सने हा वेग पकडला, तेव्हा जगभरची बहुतेक स्टेशनं सेकंदाला पाच-दहा जोरकस पल्स सोडत होती. थोड्या पण भारी पल्सऐवजी हलक्या पण भरपूर पल्स सोडायच्या, हा रस्ता इथून रुळला आणि पुढे इतरांनीही धरला. प्रकाश बाहेर सोडायला एक छोटी दुर्बीण आणि परतणारा पकडायला ५० सेंटीमीटर व्यासाची मोठी दुर्बीण, दोन्ही एकाच माउंटवर. मोठ्या दुर्बिणीच्या टोकाला एकेक फोटॉन ओळखणारा डिटेक्टर आहे. त्यामागे इव्हेंट टायमर, म्हणजे प्रत्येक घटनेची वेळ पिकोसेकंदांत टिपणारं घड्याळ.

पाळी सुरू झाली की सर्वांत आधी आकाश. लेझर ढगातून जात नाही, हे उघड आहे. फसवतात ते वरचे पातळ, पिंजल्यासारखे ढग. डोळ्यांना तारे दिसत असतात, पण प्रकाशाला त्या थरातून दोनदा जायचं असतं, जाताना आणि येताना. एका फेरीत निम्मा प्रकाश गेला तर परताव्याचा पाव भागच उरतो. जवळच्या उपग्रहांना हे चालून जातं, दूरचे हाती लागत नाहीत. म्हणून अशा रात्री यादीतून गॅलिलिओ, ग्लोनास असे उंचावरचे दिशादर्शक उपग्रह मागे टाकायचे आणि खालच्या कक्षेतले पुढे घ्यायचे. हिवाळ्यात ग्राट्सच्या खोऱ्यात थंड हवा आणि धुकं साचून राहतं. टेकडीचा माथा कधी धुक्याच्या वर असतो, कधी नेमका त्याच्या पृष्ठभागात. माथा धुक्याच्या सीमेवर असेल तर दुर्बिणीच्या काचेवर दव धरतं, आणि परतावा हळूहळू क्षीण होत जातो. लेझर बिघडला असं वाटून लोक लेझरकडे धावतात. अशा वेळी आधी टॉर्च घेऊन काच बघावी.

दुसरं काम उपग्रहांच्या अंदाजांचं. कोणता उपग्रह कधी कुठे असेल याच्या फाइली ठरलेल्या साच्यात दिवसातून किमान एकदा येतात, अगदी खालच्या उपग्रहांच्या अनेकदा. फाइल जुनी असेल तर उपग्रह आकाशात असतो, आपण मात्र मोकळ्या जागी मारत बसतो. दुसऱ्या देशाचे उपग्रह मोजायचे तर त्यांच्या अटीही पाळाव्या लागतात. आइससॅट-२ स्वतः खाली लेझर सोडून परतावा मोजतो आणि त्याचा डिटेक्टर फार नाजूक आहे, म्हणून तो डोक्यावर असताना आपला लेझर त्याच्यावर जाऊ द्यायचा नाही. सेंटिनेल-३ साठी परवानगीचा वेगळा संकेत असतो. तो ‘नाही’ म्हणत असेल तर पास, म्हणजे उपग्रहाची आपल्या आकाशातली ती फेरी, सोडून द्यायचा. हे सॉफ्टवेअर स्वतः बघतं. तरी पाळीवरच्या माणसाने यादी डोळ्यांखालून घालावीच.

तिसरं, विमानं. सेकंदाला २००० पल्स आणि प्रत्येकी ४०० मायक्रोज्यूल म्हणजे सरासरी ०.८ वॅट. वैमानिकाच्या डोळ्याला हा प्रकाश धोक्याचा आहे. ग्राट्सचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला, म्हणजे आमच्या नेहमीच्या दिशेतच येतो. विमानं स्वतःची जागा रेडिओवरून प्रसारित करतात, ती पकडून झोताच्या आसपास कोणी आलं की लेझर आपोआप थांबतो. पण ग्लायडर किंवा पॅराग्लायडर असा संदेश पाठवतीलच असं नाही. म्हणून दिवसाच्या पाळीत कॅमेऱ्यावर नजर आणि थांबवायच्या बटणाजवळ हात, याला पर्याय नाही.

एवढं झालं की कॅलिब्रेशन, आणि इथे थोडं थांबून बोलायला हवं. आपण जो वेळ मोजतो त्यात उपग्रहापर्यंतचा प्रवास असतोच, शिवाय लेझरच्या खोलीपासून दुर्बिणीपर्यंतचा आरशांचा रस्ता, केबलींमधला उशीर, डिटेक्टर आणि टायमरला लागणारा वेळ, हे सगळं मिसळलेलं असतं. ते वजा करायला जमिनीवरचं एक टार्गेट लागतं. पक्क्या पायाच्या खांबावर बसवलेला परावर्तक, ज्याचं दुर्बिणीच्या संदर्भबिंदूपासूनचं अंतर भूमापनाने मिलीमीटरपर्यंत मोजलेलं आहे. संदर्भबिंदू म्हणजे दुर्बिणीचे दोन फिरते अक्ष जिथे एकमेकांना छेदतात ती जागा. तिथे हात लावता येईल असं काहीच नसतं. तो बिंदू दुर्बीण वेगवेगळ्या दिशांना फिरवून, बाहेरून कोन मोजून गणिताने काढावा लागतो. मग टार्गेटवर लेझर मारायचा, मोजलेल्या वेळातून माहीत असलेल्या अंतराचा वेळ वजा करायचा. उरतो तो यंत्रणेचा स्वतःचा उशीर.

हे काम पाळीच्या आरंभी एकदा करून भागत नाही. पासच्या आधी आणि नंतर, आणि पास लागोपाठ असतील तर तासा-दीड तासाने करायचं. केबल थंड झाली की तिच्यातला उशीर बदलतो, खोलीतलं तापमान अर्धा अंश हललं तरी इलेक्ट्रॉनिक्स सरकतं. हे सरकणं काही पिकोसेकंदांचं असतं, पण आपला मिलीमीटरच मुळात ६.७ पिकोसेकंदांचा आहे. दोन लागोपाठच्या कॅलिब्रेशनमध्ये तीन-चार पिकोसेकंदांहून जास्त फरक दिसला तर पुढचा पास घेण्याआधी कारण शोधायचं. बहुतेक वेळा उत्तर साधं निघतं : खोलीचं दार उघडं राहिलेलं, एखादा कनेक्टर सैल झालेला, किंवा लेझर सुरू करून तो पुरता तापण्याआधीच काम सुरू केलेलं.

टार्गेटवर मोजताना आणखी एक सापळा आहे. टार्गेट जवळ असल्यामुळे तिथून ढिगाने प्रकाश परततो, उपग्रहावरून मात्र एखादाच फोटॉन येतो. एका फोटॉनवर चालणारा डिटेक्टर जास्त प्रकाश पडला की थोडा आधी ‘आला’ म्हणतो. हजारपट प्रकाशाला हा फरक सेंटीमीटरभराच्या वर जातो. यावर उपाय म्हणून प्राग आणि ग्राट्सच्या मंडळींनी मिळून डिटेक्टरमध्येच भरपाईचं सर्किट बसवलं. ते चांगलं चालतं. तरी टार्गेटपुढे गडद फिल्टर लावून परतावा एका फोटॉनच्या पातळीवर आणावाच. उपग्रह जसा दिसणार आहे तसंच टार्गेट दिसलं पाहिजे, हा नियम आम्ही मोडत नाही.

आता प्रत्यक्ष पास. लॅजिओसपासून सुरुवात करू, कारण या कामाचा कणा तोच आहे. लॅजिओस-१ मे १९७६ मध्ये सोडला, लॅजिओस-२ ऑक्टोबर १९९२ मध्ये. ६० सेंटीमीटर व्यासाचा, ४०० किलोहून जड धातूचा गोळा. त्यावर ४२६ कोपरा-आरसे बसवलेले. आत यंत्र नाही, बॅटरी नाही, अँटेना नाही. सायकलच्या मागचा रिफ्लेक्टर जसा कुठूनही आलेला उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतो, तसेच हे आरसे. उंची सुमारे ५९०० किलोमीटर, त्यामुळे हवेचं घर्षण जवळपास नाही. जड आणि लहान असल्याने सूर्यप्रकाशाचा धक्काही कमी लागतो. म्हणून त्याची कक्षा इतकी अचूक सांगता येते, की पृथ्वीचं वस्तुमानकेंद्र कुठे आहे हे त्याच्यावरून ठरवता येतं. आज जगभरच्या नकाशांना आणि जीपीएसला आधार असलेल्या आंतरराष्ट्रीय संदर्भचौकटीचा आरंभबिंदू लेझरच्या मोजमापांवरूनच ठरतो.

लॅजिओस क्षितिजाच्या २० अंश वर आला की दुर्बीण त्याच्यावर फिरवायची. झोताची रुंदी दहा आर्कसेकंद धरली, म्हणजे एका अंशाचा ३६० वा भाग, तर ६००० किलोमीटरवर तो झोत सुमारे ३०० मीटर पसरलेला असतो. तेवढ्यात ६० सेंटीमीटरचा गोळा गाठायचा. एका पल्समध्ये दहा कोटी कोटी फोटॉन निघतात, आणि परतताना डिटेक्टरवर सरासरी एकही येत नाही. बऱ्याच पल्स रिकाम्या जातात. उपग्रह चालता असल्यामुळे आणखी एक अडचण : परतणारा प्रकाश नेमका निघाल्या जागी येत नाही, लॅजिओसच्या बाबतीत आठेक आर्कसेकंद सरकून येतो. आरशांचे कोन मुद्दाम किंचित चुकवून बनवलेले असतात ते यासाठीच. परतणारा झोत थोडा पसरतो आणि आपल्यापर्यंत पोचतो.

प्रकाशाला जाऊन यायला ४० ते ५५ मिलिसेकंद लागतात आणि आपण दर अर्ध्या मिलिसेकंदाला नवी पल्स सोडतो. म्हणजे कोणत्याही क्षणी ऐंशी ते एकशे दहा पल्स वाटेत असतात. आलेला फोटॉन कुठल्या पल्सचा, हे नीट लावणं हे कंट्रोल कार्डाचं काम. प्रत्येक पल्स परत कधी यायला हवी हे अंदाजावरून आधीच काढलेलं असतं आणि त्याच्या किंचित आधी डिटेक्टर उघडतो. या उघड्या खिडकीला रेंज गेट म्हणतात. गेट फार आधी उघडलं तर आकाशातला एखादा भटका फोटॉन डिटेक्टरला पेटवून टाकतो आणि खरा येतो तेव्हा तो आंधळा असतो. दिवसा हा त्रास सर्वांत जास्त. तेव्हा गेट आणखी आवळावं लागतं आणि हिरव्या रंगाची अगदी अरुंद पट्टी सोडणारा फिल्टर मध्ये घालावा लागतो.

जास्त पल्सचा एक तोटाही आहे. पास चालू असताना अंतर सतत बदलतं, आणि मधूनमधून असा क्षण येतो की नवी पल्स निघते त्याच वेळी जुनी परतते. निघणाऱ्या पल्सचा प्रकाश जवळच्या हवेवरून उसळून डिटेक्टरवर पडतो आणि परतावा त्यात बुडतो. म्हणून असा योग जुळून येताना दिसला की कार्ड पल्स सोडायची वेळ किंचित पुढेमागे करतं. ही सोय बंद असेल तर आलेखात ठरावीक अंतराने रिकाम्या पट्ट्या दिसतात. असं चित्र नवख्याला ढगाचं वाटतं.

समोरच्या पडद्यावर जे दिसतं ते जरा जवळून सांगायला हवं, कारण पाळीचे सगळे तास त्याच्याकडे बघण्यात जातात. आडव्या रेषेवर वेळ. उभ्या रेषेवर मोजलेल्या आणि अंदाजातल्या अंतराचा फरक. सुरुवातीला पडदाभर ठिपके विखुरलेले असतात, पाऊस पडल्यासारखे पण कुठलाही आकार नसलेले. हा गोंगाट. मग कुठेतरी ठिपके एका ओळीत पडू लागतात. आधी तीन-चार, मग दाट, मग स्पष्ट रेघ. ती रेघ म्हणजे उपग्रह. रेघ आडवी असेल तर अंदाज चांगला. तिरकी असेल तर उपग्रह वेळापत्रकाच्या पुढे किंवा मागे आहे, आणि तिरकेपणावरून किती ते कळतं. तेवढी दुरुस्ती दिली की रेघ आडवी होते, गेट आणखी अरुंद करता येतं आणि गोंगाट कमी होतो.

रेघ उमटलीच नाही तर काय, हा नेहमीचा प्रश्न. क्रम ठरलेला ठेवावा. आधी कॅमेऱ्यात हिरवा झोत बघायचा. त्याचं टोक पडद्यावरच्या खुणेशी जुळतं का? जुळत नसेल तर दुर्बीण बरोबर बघते आहे पण लेझर दुसरीकडे जातो आहे. तापमान बदललं की आरशांच्या रस्त्यात असं होतं. झोत आधी जागेवर आणायचा. झोत बरोबर असेल तर वेळेची दुरुस्ती एकेक मिलिसेकंद पुढेमागे करून बघायची. त्यानेही जमलं नाही तर शेवटी दुर्बीण थोड्या-थोड्या आर्कसेकंदांनी गोल फिरवत शोधायचं. हा क्रम उलटा केला, आधी दुर्बीण हलवली, तर दोन चुका एकमेकींवर बसतात आणि पास संपेपर्यंत कळत नाही की कुठली कुठे आहे. संध्याकाळी काम सोपं असतं : आपल्याकडे अंधार आणि उपग्रहावर ऊन, त्यामुळे तो कॅमेऱ्यात ठिपक्यासारखा दिसतो. मध्यरात्री तो पृथ्वीच्या सावलीत जातो आणि सगळं आकड्यांच्या भरवशावर करावं लागतं.

लॅजिओसचा पास पाऊण तासापर्यंत चालतो. खालच्या उपग्रहांची गोष्ट वेगळी. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण मोजणारी ग्रेस-एफओ ही उपग्रहांची जोडी पाचशेच्या आसपास किलोमीटरवरून जाते, हाती पाच-सहा मिनिटं मिळतात. एवढ्या खाली विरळ का होईना हवा आहे, आणि सूर्यावर वादळं झाली की ती फुगते. मग घर्षण वाढतं आणि सकाळचा अंदाज संध्याकाळी चुकलेला असतो. एक मिलिसेकंदाची चूक म्हणजे कक्षेत साडेसात मीटर. वीस-तीस मिलिसेकंदांपर्यंत चूक गेली की झोत उपग्रहाच्या मागे किंवा पुढे पडतो. म्हणून आधीच्या पासमध्ये लागलेली दुरुस्ती लिहून ठेवायची आणि पुढच्या पासला तिथूनच सुरुवात करायची.

भारतीय उपग्रहही या यादीत येतात. इस्रो आणि फ्रान्सच्या अवकाश संस्थेचा ‘सरल’ फेब्रुवारी २०१३ मध्ये श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने सोडला. तो समुद्राच्या पातळीची उंची रडारने मोजणारा. त्याची स्वतःची कक्षा सेंटीमीटरपर्यंत माहीत नसेल तर समुद्र किती वाढला हे सांगता येत नाही. ती कक्षा तपासायला त्याच्या पोटावर परावर्तक आहेत. नाविक या भारताच्या दिशादर्शन यंत्रणेच्या उपग्रहांवरही परावर्तक आहेत. त्यातले ५५ अंश पूर्व रेखांशावरचे ग्राट्सहून आग्नेयेला दिसतात, अंतर सुमारे ३८,००० किलोमीटर. तिथून प्रकाश यायला पाव सेकंद लागतो, म्हणजे वाटेत एकाच वेळी पाचशे पल्स. परतावा अंतराच्या चौथ्या घाताने कमी होतो. दुप्पट लांब गेलं की सोळावा हिस्सा. म्हणून या उपग्रहांना आरसे जास्त लावतात, आणि आपल्याला स्वच्छ आकाशाची वाट बघावी लागते. असे उंचावरचे उपग्रह तासन्‌तास जागच्या जागी असल्यासारखे असतात, त्यामुळे त्यांना मध्ये मध्ये घ्यायचं : दोन मिनिटं गॅलिलिओ, मग ग्रेस आला की त्याच्याकडे, तो गेला की पुन्हा नाविक. दोन हजार पल्सच्या वेगामुळे मिनिटा-दोन मिनिटांत पुरेसे परतावे जमतात, म्हणून अशी अदलाबदल परवडते.

आता हवेच्या दाबाबद्दल. प्रकाश हवेतून जाताना किंचित मंदावतो. समुद्रसपाटीला, सरळ डोक्यावर बघितलं तर या मंदावण्याने अंतर सुमारे २.४ मीटर जास्त भरतं. २० अंशांवर बघितलं तर सुमारे ७ मीटर. ही दुरुस्ती सूत्राने काढतात, आणि त्या सूत्रातला सर्वांत वजनदार आकडा स्टेशनवरचा हवेचा दाब. दाबात एक हेक्टोपास्कलची चूक झाली तर डोक्यावर २.४ मिलीमीटर आणि २० अंशांवर जवळजवळ ७ मिलीमीटर चूक होते. पाण्याच्या वाफेचा त्रास रेडिओलहरींना होतो तसा प्रकाशाला होत नाही, हे आमचं नशीब. पण दाब मात्र ०.१ हेक्टोपास्कलपर्यंत बरोबर हवा.

यातली नेहमीची चूक बॅरोमीटर कुठे बसवला आहे त्याची. दाब दर मीटर उंचीला साधारण ०.१२ हेक्टोपास्कलने कमी होतो. बॅरोमीटर खालच्या मजल्यावर, दुर्बिणीच्या संदर्भबिंदूपासून पाच मीटर खाली असेल तर तो ०.६ हेक्टोपास्कल जास्त दाखवतो. ही उंचीची दुरुस्ती राहून गेली तर स्टेशनची प्रत्येक नोंद वर्षानुवर्षं एकाच बाजूला झुकते. गोंगाट सरासरीत निघून जातो, असा झुकाव कधीच जात नाही. म्हणून बॅरोमीटर वरचेवर प्रमाणित उपकरणाशी ताडून बघायचा आणि त्याची उंची भूमापनाच्या नोंदीत लिहायची. बंद खोलीत पंखा किंवा वातानुकूलन असेल तर खोलीतला दाबही बाहेरच्यापेक्षा किंचित वेगळा भरतो. नळी बाहेर काढायची आणि तिच्या तोंडावर थेट वारा येणार नाही असं बघायचं.

घड्याळाचाही असाच हिशेब. पल्स किती वाजता सोडली हे जागतिक वेळेशी जुळलेलं हवं. खालचा उपग्रह सेकंदाला सहा-सात किलोमीटर वेगाने जवळ येतो किंवा लांब जातो. घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकलं तर सहा-सात मिलीमीटर गेले.

पास संपला की हातात लाखो ठिपके असतात. त्यांतून उपग्रहाची कक्षा बसवायची, रेघेपासून दूरचे ठिपके टाकायचे, पुन्हा बसवायची, पुन्हा टाकायचे. साधारण अडीच सिग्मापलीकडचं टाकतात; सिग्मा म्हणजे ठिपक्यांच्या विखुरण्याचं माप. किती कडक कापायचं यावर मतभेद आहेत. फार सैल ठेवलं तर गोंगाट आत येतो. फार आवळलं तर आकडे सुंदर दिसतात, पण रेघेचा खरा आकार कापला जातो. लॅजिओसच्या गोळ्याच्या जवळच्या आणि थोड्या मागच्या आरशांवरून प्रकाश वेगवेगळ्या वेळी येतो, त्यामुळे रेघेला मागच्या बाजूला शेपूट असतं. ते शेपूट कापलं तर गोळ्याच्या केंद्रापर्यंतचं अंतर बदलतं. ही केंद्रदुरुस्ती लॅजिओससाठी साधारण २४५ ते २५१ मिलीमीटर, आणि नेमका आकडा स्टेशनचा डिटेक्टर कोणता आणि कापणी कशी यावर ठरतो. म्हणून एकदा कापणीची पद्धत ठरली की ती मनाला येईल तशी बदलायची नाही. बदलली तर तारखेसह कळवायची.

मग ठिपके गटांत बांधून प्रत्येक गटाचा एक नॉर्मल पॉइंट काढतात. लॅजिओससाठी १२० सेकंदांचा गट, ग्रेससारख्या खालच्यांसाठी ५ सेकंदांचा, गॅलिलिओसारख्या उंचावरच्यांसाठी ३०० सेकंदांचा. ग्राट्समध्ये एकेका ठिपक्याची अचूकता काही मिलीमीटर असते. हजारो ठिपक्यांच्या सरासरीत नॉर्मल पॉइंटची सुबकता मिलीमीटरच्या खाली जाते. हे पॉइंट, दाब-तापमान-आर्द्रता आणि कॅलिब्रेशनच्या नोंदीसह, म्युनिकच्या युरोपीय माहितीकेंद्राकडे काही तासांत जातात आणि तिथून सगळ्यांना खुले होतात.

भरपूर पल्सचा एक फायदा आधी कुणी फारसा धरला नव्हता. ठिपके इतके दाट पडतात की उपग्रह स्वतःभोवती कसा फिरतो हेही रेघेच्या हेलकाव्यांत दिसतं. युरोपचा आठ टनांचा एन्व्हिसॅट एप्रिल २०१२ मध्ये गप्प झाला. त्याच्याशी संपर्क नव्हता, पण त्याच्यावरचा परावर्तक शाबूत होता. ग्राट्सच्या मोजमापांवरून २०१३ मध्ये कळलं की तो सुमारे १३५ सेकंदांत एक फेरी घेतो आहे आणि हळूहळू मंदावतो आहे. असा मृत उपग्रह कधी खाली आणायचा ठरलं तर त्याला धरणाऱ्याला ही माहिती आधी लागेल. परावर्तक नसलेल्या कचऱ्यावरही इथून मोजमापं झाली. त्याला जास्त ऊर्जेचा लेझर लागतो आणि अचूकता मीटरभराची मिळते, पण कचऱ्याच्या कक्षेसाठी तेवढी पुरते.

मोजमाप पाठवलं की काम संपलं असं नाही. जपानच्या हितोत्सुबाशी विद्यापीठासारख्या ठिकाणांहून सगळ्या स्टेशनांच्या चुकांचे अहवाल निघतात, ते सकाळी उघडून बघायचे. आपल्या स्टेशनपुढे काही मिलीमीटरांचा कल दिसला तर घाबरून यंत्र खोलायला बसू नये. आधी कल कसा आहे ते बघावं. सगळ्या उपग्रहांवर, सगळ्या कोनांत सारखाच असेल तर कॅलिब्रेशन, केबल किंवा टार्गेटचं अंतर. डोक्यावर कमी आणि क्षितिजाकडे जास्त असेल तर बॅरोमीटर. उपग्रह वर येताना एका खुणेचा आणि मावळताना उलट्या खुणेचा असेल तर घड्याळ. लॅजिओसवर दिसतो पण स्टारलेटसारख्या छोट्या गोळ्यावर दिसत नाही, असं असेल तर परताव्याची ताकद किंवा ठिपक्यांची कापणी. आणि एकाच दिवशी उगवून दुसऱ्या दिवशी नाहीसा झाला असेल, तर त्या रात्रीच्या नोंदवहीत दोन कॅलिब्रेशनमध्ये किती वेळ गेला होता ते आधी तपासावं.